हात बसलाच पाहिजे का?

मराठीत जे जे म्हणून ‘बसतं’ ते ते कामातून जातं. घसा बसला की गाणं संपतं. धंदा बसला की सावकार उठतो. पावसाळ्यात मातीची भिंत बसते, गाडीची बॅटरी बसते, आजारी माणसाची गालफडं बसतात. या एवढ्या पडझडीत एकच गोष्ट अशी, की ती बसली म्हणजे आपण पेढे वाटायला निघतो. ती म्हणजे हात. ‘‘वा! आता बसला हो तुमचा हात!’’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि प्रत्येक वेळी, सभ्यपणाची सवय असल्यामुळे, ‘थँक्यू’ म्हणतो आहे. आज म्हणणार नाही.

आधी गुन्हा काय तो सांगतो. मी रोज संध्याकाळी बँक सुटल्यावर मालवणच्या जेटीवर बसून सिंधुदुर्ग किल्ल्याचं चित्र काढतो. रोज म्हणजे रोज. जागा तीच, किल्ला तोच, काढणारा तोच. चित्रं कशी आहेत हे विचारू नये, नियमित आहेत. खिशात असेल ते पेन, पिशवीत असेल ती वही, असा माझा कारभार. आता ही वही कुणाच्या हाती लागली की ते गृहस्थ पानं उलटतात आणि पंचनामा सांगतात, ‘‘इथे हात छान बसला होता. इथून पुढे बिघडला.’’ मग सहानुभूतीने विचारतात, ‘‘त्या दिवसांत काही टेन्शन होतं का?’’

टेन्शन नव्हतं हो. पेन वेगळं होतं!

पण हे उत्तर कुणाला पटत नाही. लोकांच्या डोक्यात हात ही एक मोटर आहे. ती एकदा फिट केली की तिने एकसारखं पाणी ओढलं पाहिजे. आमच्या घरचंच घ्या. सौ.चा हात घावण्यांवर बसलेला आहे, याबद्दल दोन्ही घराण्यांत एकमत आहे. तरीही पहिलं घावन तव्याला चिकटतं म्हणजे चिकटतंच. त्या वेळी ‘माझा हात बिघडला’ असं ती कधीही म्हणत नाही. ‘तवा तापला नव्हता’ म्हणते, आणि ते खरंही असतं. तीच बाई माझ्या वहीतला वाकडा बुरूज पाहून म्हणते, ‘‘हात गेला तुमचा.’’ तव्याला जो न्याय, तो पेनाला का नाही?

पेनांचं मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण या बाबतीत लोकांचं अज्ञान फार आणि आत्मविश्वास त्याहून फार.

टाकापासून सुरुवात करू. आजोबांच्या पेटीतला एक टाक माझ्याकडे आहे. टाकाची रेघ म्हणजे भरती-ओहोटी. दौतीत बुडवून काढला की पहिली रेघ जाड, रसरशीत. चौथ्या-पाचव्या रेघेला ती वाळत, खरखरत किनाऱ्याला लागते. त्यामुळे किल्ल्याचा एक बुरूज श्रीमंत, दुसरा मध्यमवर्गीय आणि तिसरा महिनाअखेरचा असा निघतो. शिवाय दौत ठेवायला सपाट जागा लागते आणि ती जेटीवर मिळाली तर तिथे आधीच कुणीतरी मासे सुकत घातलेले असतात.

फाउंटन पेनाचं घराणं वेगळं. ते दाबावं लागत नाही. टेकवलं की शाई आपण होऊन उतरते. जोर न लावता काम करणारी वस्तू बँकेत काय, संसारातही दुर्मीळ, म्हणून मला हे पेन प्रिय. पण त्यालाही स्वभाव आहे. पेन अर्धं रिकामं असलं आणि हातात बराच वेळ धरलं, की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईचा एक टपोरा थेंब ढकलून देते. तो पडतो नेमका तटाच्या मध्यभागी. मग तिथे नसलेला बुरूज बांधावा लागतो. महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात केली आणि काम पुरं व्हायला १६६७ साल उजाडलं. मी थेंबागणिक एक बुरूज अर्ध्या मिनिटात उभा करतो. (माझ्या वहीतला सिंधुदुर्ग मूळ किल्ल्यापेक्षा जास्त अभेद्य आहे.)

बॉलपेनाला चित्रकार मंडळी शूद्र समजतात. त्यांचा हा वर्णद्वेष मला मुळीच मान्य नाही. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट, आणि ती एका चिमुकल्या गोळीबरोबर बाहेर येते. हलक्या हाताने फिरवलं की करडी रेघ, दाबलं की काळी. म्हणजे एका पाच रुपयांच्या कांडीत पेन्सिलीची निम्मी करामत. जुलैतल्या ओलसर कागदावर बाकी सगळ्या शाया फुटतात, तेव्हा हे एकटं इमानाने उभं असतं. त्याचं वैर एकाच गोष्टीशी, तेलाशी. डोक्याला खोबरेल चोपडून, तोच तळवा कागदावर टेकवून चित्र काढायला बसलात तर त्या तेवढ्या जागी बॉलपेन संपावर जातं. कोकणात बसून खोबरेलाशी वैर करणारी वस्तू किती सुखाने नांदणार?

जेलपेन दिसायला सुरेख, गडद. पण वाळायला वेळ घेतं. समुद्र काढून किल्ल्याकडे वळावं तर तळहाताने समुद्र पुसत नेलेला असतो. बघणारे म्हणतात, ‘‘धुकं काय सुंदर आलंय!’’ डावखुऱ्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. आणि संपत आलेलं स्केचपेन! जांभ्याच्या चिऱ्याची भिंत काढायला त्याच्यासारखं हत्यार नाही. कोरडी पडत चाललेली, खरखरीत, भोकं भोकं पडलेली त्याची रेघ आपोआप चिरा होते. नवं कोरं स्केचपेन घेऊन हे महिनाभर बसलात तरी जमणार नाही. घरातली मुलं अशी पेनं टाकून देतात, मी ती केराच्या डब्यातून परत काढतो, आणि हे शेजाऱ्यांना दिसू नये याची काळजी सौ. घेते.

म्हणजे एकाच संध्याकाळी, एकाच माणसाने, पाच पेनांनी काढलेले किल्ले पाच. यातला बसलेला हात कोणता आणि उठलेला कोणता?

अजूनही पटत नसेल तर एक करा. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जा. गल्ल्याजवळ पेन चालतं का पाहायला एक कागदांचं पॅड ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक पेन घेतं आणि त्यावर काय लिहितं? श्री गणेशाय नमः लिहिणारी पिढी संपत आली. आता सगळे आपली सही करतात! एक गृहस्थ उभ्या उभ्या सहा पेनं बघतात आणि सहा सह्या करतात, आणि त्या सहा सख्ख्या भावंडांत एक गोरं, एक काळं, एक लठ्ठ, एक रडवं असतं. ते पॅड मी पुन्हा पुन्हा बघत उभा राहतो. दुकानदाराला वाटतं, उधारी मागायला आलो.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील, ते म्हणजे पेनभक्त. ‘आम्ही तेच सांगत होतो! पेनच सगळं!’ माझ्या ओळखीतल्या अशा एका भक्ताकडे मखमलीच्या पेटीत पेनं ठेवलेली आहेत, बारशाला तान्ही मुलं ठेवावीत तशी. एकेकाची किंमत ऐकली की मला कर्जाचा अर्ज काढून द्यावासा वाटतो. मी विचारलं, ‘‘या पेनाने काय काढलंत?’’ तर म्हणाले, ‘‘छे, छे! अजून निब बसायची आहे.’’ म्हणजे इथेही बसणंच! हात बसवणारे आणि निब बसवणारे हे वरवर विरोधी पक्ष दिसतात, पण जाहीरनामा एकच: रेघ रोज सारखी यावी. एकाला ती सराव करून हवी आहे, दुसऱ्याला पैसे टाकून. रोज सारखीच रेघ हवी असेल तर पट्टी घ्या ना! पट्टीला ना मूड, ना महागाई.

आणि समजा, पेन एकच ठेवलं, शाईही एकच. आमच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा मांडला, आधी घोडा छाप, मग उंट छाप. पुढे तिची कॅम्लिन झाली आणि २०११ साली कंपनीची सूत्रं जपानच्या कोकुयोकडे गेली. या घोड्यावरून उंटावर आणि उंटावरून विमानात बसलेल्या शाईची एकच बाटली मी बारा महिने पुरवून पाहिली आहे. जानेवारीतली तिची रेघ आणि जूनमधली रेघ यांना एका आईची लेकरं म्हणायला कुणी धजावणार नाही. कारण पेन आणि हात यांच्याशिवाय तिसरा एक भागीदार असतो, त्याचं नाव दिवस.

मालवणच्या पावसाळ्यात वही पापडासारखी सादळते. कागदाने हवेतलं पाणी आधीच पिऊन ठेवलेलं असतं, त्यामुळे फाउंटनची रेघ टेकताक्षणी दोन्ही काठांना फुटते आणि तटाला शेवाळ आल्यासारखी दिसते. (त्या दिवसांत तटाला खरोखरच शेवाळ असतं, म्हणून मी तक्रार करत नाही.) किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, मासेमारी बंद, आणि समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं याचा पत्ता नाही. अशा दिवशी किल्ला म्हणजे एक ओली आडवी रेघ. मे महिन्यात उलट: मान वर करून किल्ल्याकडे पाहावं आणि खाली यावं, तेवढ्यात निब वाळलेली. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, तेव्हा पान गप्प असतं. संध्याकाळी खारे वारे उलट येतात आणि थेट माझ्या वहीत शिरतात. चार चिमटे लावूनही पान फडफडतं आणि बुरुजाला फेफरं आल्यासारखं दिसतं.

हा झाला बाहेरचा वारा. आतला वेगळाच. दिवसभर नोटा मोजून आलेल्या बोटांची रेघ बारीक, करकरीत आणि संशयी असते. ३१ मार्चचं माझं एकही चित्र धड नाही. सगळ्या बुरुजांची बेरीज एक रुपयाने चुकल्यासारखी वाटते. १ एप्रिलला बँक गिऱ्हाइकांसाठी बंद असते, पण आतून आम्ही चालूच असतो, तेव्हा त्याही दिवसाकडून आशा नको. २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा झाला. त्या दोन शनिवारची रेघ पाहा. लांब, सैल, लुंगी नेसल्यासारखी. पहिल्या-तिसऱ्या शनिवारची रेघ इन केलेल्या शर्टासारखी.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि व्हाउचरशिवाय एंट्री मानत नाही. प्रत्येक चित्राखाली मी तारीख, पेन आणि वारा टिपून ठेवतो. त्यामुळे ‘इथून हात बिघडला’ असं कुणी म्हणालं की मी खाली बोट ठेवतो: इथे जेल संपून टाक सुरू झाला. ‘इथे परत सुधारला’: इथे पाऊस थांबला. पण वाचतो कोण? लोक चित्र बघतात, व्हाउचर बघत नाहीत. ऑडिटर याच्या बरोबर उलट करतात. दोघांनाही हिशेब कळत नाही.

जेटीवर मात्र हे लगेच कळणारी माणसं आहेत. जाळं खांद्यावर टाकून जाणारे एक काका मधूनमधून मागे उभे राहतात. एकदा म्हणाले, ‘‘साहेब, कालचो किल्लो बरो होतो. आज तेका वाकडो कित्याक केल्यात?’’

‘‘काल वारो नव्हतो,’’ मी म्हटलं.

‘‘मगे बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘दर्यो काय रोज सारखो आसता?’’ आणि निघाले.

एवढंच. परिसंवाद नाही, हात बसण्यावर प्रवचन नाही. रापणीला काल भरभरून मासळी लागली आणि आज चार बांगडे आले, म्हणून जाळ्याचा हात बिघडला असं गाबतांच्या वाडीत कुणी म्हणत नाही. पाणी बदललं म्हणतात. हे शहाणपण पदवी घेताना नेमकं कुठे गळून पडतं हे एकदा विद्यापीठाला विचारलं पाहिजे.

मोठ्या माणसांची साक्ष हवी असेल तर तीही काढतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९२ आणि १८९३ साली रुआँ गावातलं एकच चर्च समोर धरून तिसाहून अधिक चित्रं रंगवली. चर्च एक, चित्रकार एक. सकाळचं निळसर, दुपारचं पांढरं, उतरत्या उन्हातलं केशरी. ‘मोनेसाहेब, अठराव्या चित्रात हात घसरला बरं का,’ असं कुणी म्हणालं नाही, कारण त्याला चर्च काढायचंच नव्हतं, दिवस काढायचा होता. (दिवस काढणं या शब्दांचा मराठीत वेगळा अर्थ होतो, तोही अनेक चित्रकारांना लागू पडतो.) इतक्या लांब जायचं नसेल तर इथून जवळ, गोव्यातल्या लोटलीचे मारिओ मिरांडा. १९२६ साली जन्मलेले, २०११ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या व्यंगचित्रांत गर्दीसुद्धा कशी सुबक उभी असते ते आपण पाहिलंय. पण हा माणूस तरुणपणी चित्रांचीच रोजनिशी ठेवत असे. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्या जरूर पाहाव्यात. तारीखवार गोवा आहे त्यात; शेजारीपाजारी, पाद्री, लग्नं, मित्रांची उनाडकी. आणि तो अजून आपल्या ओळखीचा मारिओ झालेला नाही. त्या दिवसांत कुणीतरी ‘बसव आता हात’ म्हणून त्याला बसवला असता, तर तो तिथेच बसून राहिला असता. आपण बघतो ते छापलेलं चित्र म्हणजे पास झालेला चेक. मागच्या रद्दीत किती आणि कसे गेले ते फक्त चित्रकाराला माहीत.

चेक म्हटल्यावर तुम्ही ओळखलंच असेल की माझं खरं भांडण जेटीवर नाही, काउंटरच्या आत आहे. चित्र बिघडलं तर कुणाचं काही अडत नाही. पण हेच ‘हात रोज सारखा चालला पाहिजे’ हे खूळ आम्ही बँकवाल्यांनी कायद्यासारखं राबवलंय, आणि तिथे माणसांचं अडतं.

माझ्या दिवसाचा बराच भाग सह्या जुळवण्यात जातो. पूर्वी सह्यांची कार्डं असत, आता ती स्कॅन होऊन पडद्यावर आली. चेकसुद्धा हल्ली स्वतः प्रवास करत नाही, त्याचं चित्र जातं. म्हणजे एका चित्राशेजारी दुसरं चित्र ठेवायचं आणि निकाल द्यायचा. बी.कॉम.च्या कुठल्या पेपरात कलासमीक्षा होती? तरी आम्ही ती बिनदिक्कत करतो. पडद्यावरची सही माणसाने वीस वर्षांपूर्वी, खाती उघडायच्या उत्साहात, खुर्चीवर बसून, स्वतःच्या पेनाने केलेली. समोरची सही उभ्याने, मागे रांग, काखेत पिशवी, आणि बँकेच्या पेनाने केलेली. बँकेचं पेन आपल्याला माहीत आहे. ते दोरीने बांधलेलं असतं. सही त्या दोरीच्या लांबीएवढीच होते. लांब आडनावाच्या माणसाचं शेवटचं अक्षर दोरीला हिसका बसून आभाळात जातं. मग आम्ही आतून म्हणतो, ‘‘शेवटचं अक्षर जुळत नाही.’’ अहो, ते अक्षर दोरीचं आहे, त्याचं नव्हे!

गंमत पुढेच आहे. जी सही नमुन्याशी तंतोतंत जुळते, तिचा खरं तर पहिला संशय घ्यावा. अमेरिकेत १८६८ साली गाजलेला एक खटला आहे. सिल्व्हिया हाउलंड नावाची श्रीमंत बाई वारली. तिची भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेला एक जादा कागद पुढे केला आणि त्यावर मावशीची सही. सही इतकी सुंदर जुळत होती, की मूळ सहीवर ठेवली तर तिचे खालपर्यंत येणारे तीसच्या तीस फटकारे एकमेकांवर बसत होते. (पुन्हा बसणं!) तेव्हा बेंजामिन पर्स या गणिताच्या प्राध्यापकाने आणि त्यांच्या मुलाने बाईंच्या बेचाळीस खऱ्या सह्या घेऊन, दोन-दोनच्या जोड्या लावून मोजमाप केलं. खऱ्या सह्यांत पाचातला जेमतेम एक फटकारा जुळे. मग तीसच्या तीस जुळण्याची शक्यता किती? पाचाला पाचाने तीस वेळा गुणत जा आणि त्या आकड्यातला एक. कॅल्क्युलेटरचा पडदा पुरत नाही. प्राध्यापकांचं म्हणणं स्पष्ट होतं: इतकं जुळतंय, म्हणजे गिरवलेलं आहे. कोर्टाने निकाल वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लावला, पण भाची हरली. पुढे हेटी ग्रीन या नावाने ती अमेरिकेतली महाश्रीमंत आणि महाकंजूष बाई म्हणून प्रसिद्ध झाली, ते असो. मुद्दा एवढाच, की खरा माणूस स्वतःची हुबेहूब नक्कल करत नाही. ती लबाड माणसाला करावी लागते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. महाराजांच्या पत्रांत मजकूर चिटणिसाच्या हातचा असे. वर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. आपण अजून ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो ते तिथून आलं. रोज सारखं उमटायची जबाबदारी शिक्क्यावर होती, कारण तो धातूचा. हातावर ती टाकली नव्हती, कारण तो माणसाचा. याच सिंधुदुर्गावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा घुमटीत जपून ठेवलेला आहे. लोक त्याला नमस्कार करतात. ‘नमुन्याशी ताडून पाहा’ असं कुणी म्हणत नाही.

आता आमच्याकडच्या एका आजींची गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का तापलोय ते कळेल. १९८८ साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, त्या लाटेत वाडीतल्या बायकांबरोबर या आजी रात्रीच्या वर्गाला जाऊन सही करायला शिकल्या. तेव्हा चाळिशी उलटलेली. आज ऐंशीच्या पुढे आहेत. पेन्शन काढायला महिन्याला येतात, चष्मा पुसतात, आणि एकेक अक्षर कोरत सही करतात. हात थरथरतो. थंडीत जास्त, उपासाच्या दिवशी आणखी जास्त. एकदा वरच्या खुर्चीतून आवाज आला, ‘‘सही डिफर होते. अंगठा घ्या.’’

सोय चुकीची आहे असं नाही. ज्यांना आजारपणाने, म्हातारपणाने सही करताच येत नाही, त्यांच्यासाठी हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, दोन साक्षीदार असावेत, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत तरतूद आहे आणि ती दयाळू आहे. पण आजींना सही येत होती! फक्त ती आजची होती, वीस वर्षांपूर्वीची नव्हती. आजींनी पेन खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, ‘‘अंगठोच देवचो होतो तर मगे सही शिकलंय कित्याक?’’

याला आमच्या एकाही सर्क्युलरमध्ये उत्तर नाही. आणि अंगठा तरी कुठे इमानदार? आयुष्यभर जाळी ओढून, मासळी साफ करून, भांडी घासून झिजलेल्या बोटांना यंत्र ओळखत नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. म्हणजे हात रोज वेगळा म्हणून सही नको, आणि हात झिजला म्हणून ठसा नको. मग त्या हाताने काय करायचं, नुसता जोडायचा?

त्या दिवशी पासबुक होतं, फोटो होता, आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही आजी कोण ते माहीत होतं, म्हणून पैसे मिळाले. पण हे चेहऱ्यावर भागलं. चेक दुसऱ्या शहरातल्या पडद्यावर गेला असता तर चेहरा बरोबर जात नाही, सहीच जाते. कालपरवापर्यंत लोक एकमेकांना मोबाइलवर कळवत होते, की काळ्या शाईचा चेक आता चालणार नाही. रिझर्व्ह बँकेचा असा काही नियम नाही, असा खुलासा सरकारला जानेवारी २०२५ मध्ये करावा लागला. शाईच्या रंगाची एवढी भीती! ती शाई कुठल्या पेनातून, कुठल्या दिवशी, कुठल्या हातून उतरली याची चौकशी मात्र शून्य.

म्हणून मी वरच्या खुर्चीकडे एक सूचना लेखी दिली आहे. खातेदाराची नमुन्याची सही एकदाच घेऊन तिचं लोणचं घालू नये. दर पाच वर्षांनी नवी घ्यावी. आणि एक नव्हे, तीन. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या पेनांनी, त्यातलं एक दोरीचं. तिन्हींत जे सारखं राहील तो माणूस, जे बदलेल ते पेन आणि हवा. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘अहो, सिस्टिममध्ये सहीला चौकोन एकच आहे. शिवाय कस्टमरला तीनदा फेऱ्या मारायला लावणार? कोण येईल?’’

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. म्हणून पुढच्या महिन्यात आजी आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं, ‘‘आजी, सहीसाठी तीन दिवस यायला लागलं तर याल का?’’

आजींनी जरा विचार केला. ‘‘येतंय मी, झिला,’’ म्हणाल्या. ‘‘पण सकाळी लवकर बोलवू नको. चाय घेतल्याशिवाय माझी सही येणा नाय.’’